क्रीडास्पर्धांतील लिंगनिश्चिती

क्रीडास्पर्धांतील लिंगनिश्चिती : स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या क्रीडास्पर्धांत भाग घेण्यास कोणती व्यक्ती पात्र आहे, हे ठरविण्यासाठी क्रीडासंघटनांनी वेळोवेळी केलेले नियम व योजलेल्या वैद्यकीय परीक्षा यांस ही संज्ञा लावतात. या नियमांचा संबंध मुख्यतः दोन प्रकारच्या खेळाडूंशी येतो. पहिला प्रकार, ज्यांच्या गुणसूत्रांची, जननग्रंथींची किंवा हॉर्मोनांची जन्मजात घडण नेहमीच्या स्त्री-पुरुष विभागणीत नेमकी बसत नाही अशा स्त्रियांचा. या घडणीस लिंगविकासातील भिन्नता म्हणतात. दुसरा प्रकार, जन्माच्या वेळी एका लिंगाची नोंद झालेली असून पुढे दुसऱ्या लिंगाची व्यक्ती म्हणून जगणाऱ्यांचा. त्यांना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असे म्हणतात. हे दोन प्रकार वैद्यकीय दृष्ट्या भिन्न असले, तरी क्रीडाक्षेत्रात त्यांची वारंवार गल्लत झाली असून एकासाठी केलेल्या नियमाचा फटका दुसऱ्यास बसला आहे. सु. नव्वद वर्षांच्या या इतिहासात लिंगनिश्चितीची गमके सतत बदलत गेली. प्रत्येक गमक निर्णायक म्हणून स्वीकारले गेले आणि प्रत्येक वेळी काही व्यक्ती त्या गमकाच्या कक्षेबाहेर राहिल्या.

महिला विभागाची निर्मिती : आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो पॅरिस येथे १९०० मध्ये. त्या वेळी ९९७ खेळाडूंत स्त्रिया अवघ्या २२ होत्या. मैदानी स्पर्धांचे दार मात्र त्यांना बंदच होते. फ्रान्सच्या आलिस मिलिया यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय क्रीडामहासंघ स्थापन झाला आणि पुढील वर्षी पॅरिसमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र जागतिक सामने भरले. या दबावामुळे १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पाच मैदानी स्पर्धा ठेवण्यात आल्या. त्यांपैकी ८०० मी. धावण्याच्या शर्यतीत खेळाडू अतिश्रमाने कोसळल्या, अशी अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली आणि ती शर्यत १९६० पर्यंत स्त्रियांच्या कार्यक्रमातून वगळली गेली. बलवान स्त्री ही मुळातच निसर्गविरुद्ध आहे, हा समज त्या काळी रूढ होता. लिंगपरीक्षेच्या इतिहासात या समजाचा वाटा मोठा आहे.

स्वतंत्र महिला विभागाचे समर्थन मात्र शरीरशास्त्रावर आधारलेले आहे. यौवनावस्थेपूर्वी मुलगे व मुली यांच्या क्रीडाक्षमतेत फारसे अंतर नसते. यौवनावस्थेत मुलग्यांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणावर स्रवू लागते व त्यामुळे उंची, हाडांची लांबी, स्नायूंचे वस्तुमान, हृदयाचा आकार व रक्तातील हीमोग्लोबिन यांत वाढ होते. परिणामी सर्वोच्च दर्जाच्या पुरुष व स्त्री खेळाडूंत धावणे व पोहणे या प्रकारांत सु. १० ते १२ टक्के, तर उड्या व वजन उचलणे यांत त्याहून अधिक अंतर पडते. पुरुषांचा १०० मी. धावण्याचा विश्वविक्रम ९·५८ सेकंदांचा (२००९), तर स्त्रियांचा १०·४९ सेकंदांचा (१९८८) आहे. उंच उडीत हेच आकडे २·४५ मी. (१९९३) व २·१० मी. (२०२४) असे आहेत. स्वतंत्र विभाग नसता, तर बहुतेक खेळांच्या अंतिम फेरीत स्त्री दिसली नसती. विभाग ठेवावयाचा म्हटला, की त्याची सीमा ठरविणे ओघानेच येते. ती कशाने ठरवावयाची, हा या विषयाचा मूळ प्रश्न होय.

संशयाचा काळ : लंडन येथील १९३४ च्या महिला जागतिक सामन्यांत ८०० मी. ची शर्यत जिंकणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या झ्देन्का कौबकोव्हाने पुढे लवकरच पुरुष म्हणून जगण्याचा निर्णय जाहीर केला व झ्देन्येक कौबेक हे नाव धारण केले. इंग्लंडमधील गोळाफेक व भालाफेक या प्रकारांत नावाजलेल्या वेस्टन या खेळाडूनेही १९३६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर मार्क हे पुरुषी नाव घेतले. दोघांनीही क्रीडाक्षेत्र सोडल्यानंतर हे केले होते आणि कोणाची फसवणूक केल्याचा आरोप त्यांवर नव्हता. तरीही स्त्रियांच्या स्पर्धांत पुरुष शिरत असल्याची आवई उठली. अमेरिकन ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांनी स्त्री-खेळाडूंच्या तपासणीची मागणी केली.

बर्लिन ऑलिंपिकमध्ये (१९३६) १०० मी. ची शर्यत अमेरिकेच्या हेलन स्टीव्हन्सने जिंकली. तिने पोलंडच्या स्तानिस्लावा वालाशेविच ऊर्फ स्टेला वॉल्श या आधीच्या विजेतीस मागे टाकले होते. स्टीव्हन्स पुरुष असल्याचा आरोप वृत्तपत्रांतून झाला आणि ती स्त्रीच असल्याचा निर्वाळा अधिकाऱ्यांना द्यावा लागला. पुढे १९८० मध्ये क्लीव्हलंड येथे वॉल्शची हत्या झाली, तेव्हा शवविच्छेदनात तिच्याच शरीरात दोन्ही लिंगांची काही लक्षणे आढळली. याच ऑलिंपिकमध्ये उंच उडीत चौथ्या आलेल्या जर्मनीच्या डोरा राट्येनने १९३८ मध्ये व्हिएन्ना येथे यूरोपीय अजिंक्यपद मिळविले. तेथून परतताना आगगाडीत संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतल्यावर तपासणीत राट्येन पुरुष असल्याचे ठरले व पदक परत गेले. नाझी राजवटीने या पुरुषास मुद्दाम स्त्रीवेषात उतरविले, अशी कथा नंतर अनेक वर्षे प्रचलित होती. जर्मन कागदपत्रांवरून मात्र वेगळी हकिकत दिसते. जननेंद्रियांची रचना संदिग्ध असल्याने जन्मतःच मुलगी म्हणून नोंद झालेले ते मूल मुलगी म्हणूनच वाढले होते. लिंगपरीक्षेच्या समर्थनार्थ सर्वाधिक वेळा दिले गेलेले उदाहरण अशा रीतीने तोतयेगिरीचे नव्हतेच.

या घटनांच्या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय हौशी ॲथलेटिक्स महासंघाने तक्रार आल्यास खेळाडूची शारीरिक तपासणी करण्याचा नियम केला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्त्री असल्याबद्दल डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणण्याची अट आली. नेदर्लंड्सच्या फुक्ये डिलेमा (१९२६–२००७) या धावपटूस १९५० मध्ये तेथील संघटनेने तहहयात बंदी घातली आणि तिचा २०० मी. चा राष्ट्रीय विक्रम खोडून टाकला. त्यानंतर ती अनेक वर्षे लोकांत मिसळणे टाळीत राहिली. तिच्या मृत्यूनंतर झालेल्या जनुकीय तपासणीत तिच्या शरीरात दोन प्रकारच्या कोशिकांचे मिश्रण असल्याचे दिसून आले.

उघड्या डोळ्यांची तपासणी : शीतयुद्धाच्या काळात पदकांना राजकीय महत्त्व आले आणि पूर्व यूरोपातील स्त्री-खेळाडूंविषयी पश्चिमी वृत्तपत्रांतून संशय व्यक्त होऊ लागला. बूडापेस्ट येथील १९६६ च्या यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धांत सर्व स्त्री-खेळाडूंना स्त्री-डॉक्टरांच्या मंडळासमोर विवस्त्र उभे राहावे लागले. त्याच वर्षी किंग्स्टन येथील राष्ट्रकुल सामन्यांत डॉक्टरांनी प्रत्यक्ष हाताने अंतर्गत तपासणी केली. या पद्धतीची अप्रतिष्ठा एवढी झाली, की तिची जागा घेणारी प्रयोगशाळेतील परीक्षा अनेकांना सुटकेसारखी वाटली.

गुणसूत्र-परीक्षा : मरी बार व त्यांचे विद्यार्थी बर्ट्रम यांनी १९४९ मध्ये असे दाखवून दिले होते, की मादीच्या कोशिकाकेंद्रात एक गडद ठिपका दिसतो. दोन एक्स गुणसूत्रांपैकी निष्क्रिय झालेल्या एकाची ती खूण असते. गालाच्या आतील भागातून कापसाच्या बोळ्याने कोशिका घेऊन हा ठिपका पाहता येत असल्याने परीक्षा सोपी, स्वस्त व सभ्य ठरली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६८ मध्ये ग्रनॉबल व मेक्सिको येथे ती लागू केली. उत्तीर्ण होणाऱ्या खेळाडूस स्त्रीत्वाचे प्रमाणपत्र मिळे.

त्याआधी १९६७ मध्ये कीव्ह येथे पोलंडची एवा क्लोबुकोव्स्का ही पहिली खेळाडू गुणसूत्रांच्या कारणावरून अपात्र ठरली. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (१९६४) तिने संघशर्यतीचे सुवर्णपदक मिळविले होते आणि बूडापेस्ट येथील विवस्त्र तपासणीत ती उत्तीर्ण झाली होती. एकच व्यक्ती एका गमकाने स्त्री व एका वर्षानंतर दुसऱ्या गमकाने अस्त्री ठरली. १९६६ ची जागतिक उतार-स्कीइंग विजेती ऑस्ट्रियाची एरिका शिनेगर हिच्या बाबतीत ग्रनॉबलपूर्वीच्या तपासणीत पुरुषी गुणसूत्रे आढळली. त्यानंतर तिने एरिक या नावाने पुरुष म्हणून जीवन पतकरले.

या परीक्षेतील शास्त्रीय दोष तज्ञांना प्रारंभापासून ठाऊक होता. एकच एक्स गुणसूत्र असलेल्या स्त्रीमध्ये हा ठिपका दिसत नाही, म्हणून ती अनुत्तीर्ण होते. दोन एक्स व एक वाय गुणसूत्र असलेल्या पुरुषामध्ये तो दिसतो, म्हणून तो उत्तीर्ण होऊ शकतो. काही स्त्रियांत एक्स व वाय ही गुणसूत्रे असतात व शरीरात वृषणेही असतात. तथापि त्यांच्या कोशिका टेस्टोस्टेरोनला मुळीच प्रतिसाद देत नसल्याने त्यांची वाढ जन्मापासून स्त्रीसारखीच होते. या स्त्रियांना टेस्टोस्टेरोनचा कोणताही लाभ मिळत नसतानाही त्या अपात्र ठरत. फिनलंडचे आनुवंशिकीविज्ञ आल्बेर्ट दे ला शापेल यांनी या दोषांकडे वारंवार लक्ष वेधले.

स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्तीनेझ-पातिन्यो हिचे प्रकरण या परीक्षेच्या अंतास कारण झाले. हेल्सिंकी येथे १९८३ मध्ये तिला प्रमाणपत्र मिळाले होते. कोबे येथील १९८५ च्या जागतिक विद्यापीठ सामन्यांस ते न्यायचे राहिल्याने पुन्हा परीक्षा झाली व तीत ती अनुत्तीर्ण ठरली. दुखापतीचे निमित्त सांगून निवृत्त व्हावे, असा सल्ला तिला देण्यात आला. तो न जुमानता ती १९८६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत उतरली व जिंकली, तेव्हा तिचा वैद्यकीय अहवाल वृत्तपत्रांत आला. तिची शिष्यवृत्ती, विक्रम व ठरलेला विवाह ही सर्व गेली. आपले शरीर टेस्टोस्टेरोनला प्रतिसाद देत नाही, हे तिने तज्ञांच्या साहाय्याने सिद्ध केले आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा पात्रता मिळाली. खेळातील उमेदीची वर्षे मात्र निघून गेली होती.

ॲथलेटिक्स महासंघाने १९९२ मध्ये सरसकट परीक्षा बंद केली. ऑलिंपिक समितीने मात्र त्याच वर्षी परीक्षेचे तंत्र बदलून वाय गुणसूत्रावरील जनुकीय द्रव्याचा शोध घेण्यास आरंभ केला. ॲटलांटा येथे १९९६ मध्ये ३,३८७ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी आठ जणींत असे द्रव्य आढळले आणि अधिक चौकशीनंतर आठही जणींना खेळू देण्यात आले. ज्या परीक्षेचा निष्कर्ष परीक्षकांनाच बाजूला ठेवावा लागतो, तिचे समर्थन करणे अवघड होते. १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीनेही ती थांबविली.

या तीस वर्षांत स्त्रीवेषधारी पुरुष सरसकट परीक्षेत पकडला गेल्याची नोंद नाही. उलट, याच काळात पूर्व जर्मनीत शासनाच्या देखरेखीखाली अल्पवयीन मुलींनाही पौरुषजन औषधे देण्यात येत होती. त्यांची गुणसूत्रे स्त्रीचीच असल्याने त्या प्रत्येक वेळी उत्तीर्ण होत. टेस्टोस्टेरोनसदृश द्रव्यांचा खराखुरा अनुचित लाभ ज्या ठिकाणी घेतला जात होता, तेथे ही परीक्षा निरुपयोगी ठरली.

पारलिंगी खेळाडूंचा प्रश्न : रिने रिचर्ड्‌स (जन्म १९३४) या अमेरिकन नेत्रशल्यविशारदांनी १९७५ मध्ये शस्त्रक्रियेने लिंगबदल केला. त्यापूर्वी पुरुष म्हणून त्या टेनिसमध्ये उत्तम खेळाडू होत्या. महिला विभागात त्यांनी प्रवेश मागताच अमेरिकन टेनिस संघटनेने १९७६ मध्ये गुणसूत्र-परीक्षेची अट घातली. रिचर्ड्‌स यांनी न्यायालयात दाद मागितली आणि न्यूयॉर्क येथील न्यायाधीश ॲल्फ्रेड अस्कीओनी यांनी १९७७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. केवळ गुणसूत्रांवरून त्यांना वगळणे अन्यायाचे आहे, असे न्यायालयाचे मत पडले. त्या वर्षीच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्रेचाळिसाव्या वर्षी उतरलेल्या रिचर्ड्‌स एकेरीच्या पहिल्याच फेरीत त्या वर्षीची विंबल्डन विजेती व्हर्जिनिया वेड हिच्याकडून पराभूत झाल्या. दुहेरीत मात्र त्यांनी अंतिम फेरी गाठली. तरुण वयात लिंगबदल करून आपण महिला टेनिसमध्ये उतरलो असतो, तर इतर स्त्रियांवर ते न्याय्य झाले नसते, अशा आशयाचे मत त्यांनी स्वतः पुढे व्यक्त केले. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच व्यक्तीच्या आयुष्यात अशा एकत्र आल्या.

ऑलिंपिक समितीने या विषयावर पहिले स्वतंत्र धोरण स्टॉकहोम येथील तज्ञांच्या बैठकीत (२००३) आखले आणि २००४ मध्ये ते मान्य केले. शस्त्रक्रिया पूर्ण झालेली असावी, नव्या लिंगाला कायद्याची मान्यता असावी व जननग्रंथी काढल्यानंतर किमान दोन वर्षे हॉर्मोन-उपचार झालेले असावेत, अशा त्यात अटी होत्या. क्रीडाक्षमतेशी ज्यांचा संबंध नाही अशा शस्त्रक्रियांची सक्ती करणे योग्य नव्हे, या आक्षेपामुळे २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली. तिच्या जागी दर लिटर रक्तद्रवामागे १० नॅनोमोलपेक्षा कमी टेस्टोस्टेरोन किमान बारा महिने असावे, ही अट आली.

हॉर्मोन-मर्यादेचा काळ : सरसकट परीक्षा थांबली, तरी संशयावरून तपासणी करण्याचा अधिकार संघटनांनी राखून ठेवला होता. त्याचा फटका भारतास बसला. तमिळनाडूतील वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबातील सांती सौंदरराजन हिने २००६ च्या दोहा आशियाई सामन्यांत ८०० मी. मध्ये रौप्यपदक मिळविले. परंतु लिंगपरीक्षेनंतर ते काढून घेण्यात आले. तिची खाजगी वैद्यकीय बाब जगभर जाहीर झाली आणि तिच्या धावण्याचा शेवट झाला.

दक्षिण आफ्रिकेच्या कास्टर सेमेन्याने २००९ मध्ये बर्लिन येथे अठराव्या वर्षी ८०० मी. चे जागतिक अजिंक्यपद १ मिनिट ५५·४५ सेकंदांत मिळविले. अंतिम शर्यतीपूर्वीच तिच्या तपासणीची बातमी फुटली होती. ॲथलेटिक्स महासंघाने २०११ मध्ये नवे नियम करून स्त्रियांच्या नैसर्गिक टेस्टोस्टेरोनला १० नॅनोमोलची मर्यादा घातली. मर्यादा ओलांडणाऱ्या खेळाडूस औषधाने किंवा शस्त्रक्रियेने ते घटविणे भाग पडले.

ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये याच कारणावरून ग्लासगो राष्ट्रकुल सामन्यांच्या संघातून वगळण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला होता. द्युती पारलिंगी नव्हती. तिचे स्त्रीत्व कायद्याच्या दृष्टीने निर्विवाद होते. तरीही क्रीडाक्षेत्राचा नियम निराळा असल्याने तिला लोझॅन येथील क्रीडा लवाद न्यायालयाकडे जावे लागले. नैसर्गिक टेस्टोस्टेरोनमुळे पुरुष व स्त्री यांच्यातील अंतराइतका लाभ मिळतो, हे महासंघाने सिद्ध केलेले नाही, असे म्हणून न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये नियमांना दोन वर्षे स्थगिती दिली. भारतीय खेळाडूच्या दाव्यामुळे जागतिक नियम थांबल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. द्युतीने पुढे २०१८ च्या जाकार्ता आशियाई सामन्यांत दोन रौप्यपदके मिळविली.

महासंघाने २०१८ मध्ये सुधारित नियम आणले. ४०० मी. ते एक मैल एवढ्या अंतरांच्या शर्यतींपुरते ते मर्यादित असून वाय गुणसूत्र असलेल्या व टेस्टोस्टेरोनला प्रतिसाद देणाऱ्या खेळाडूंनाच लागू होते. मर्यादा ५ नॅनोमोलवर आणली होती. रीओ ऑलिंपिकमधील (२०१६) ८०० मी. च्या तिन्ही पदकविजेत्या या नियमांमुळे त्या शर्यतीस मुकल्या. सेमेन्याचा दावा लवाद न्यायालयाने २०१९ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळला. नियम भेदभाव करणारे आहेत, परंतु महिला विभागाच्या रक्षणासाठी तो भेदभाव आवश्यक, वाजवी व प्रमाणशीर आहे, असे बहुमताने ठरले. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महामंडळाने जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने तिच्या दाव्याची पुरेशी कसून तपासणी केली नाही, म्हणून योग्य सुनावणीच्या तिच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय दिला. मूळ नियमांच्या योग्यायोग्यतेवर त्याने निवाडा केला नाही.

शास्त्रीय पुरावा : स्त्रियांच्या रक्तातील टेस्टोस्टेरोन सामान्यतः २ नॅनोमोलपेक्षा कमी, तर प्रौढ पुरुषांचे सु. ८ ते २९ नॅनोमोल असते. यौवनावस्थेनंतर लिंगबदल करणाऱ्या पारलिंगी स्त्रियांत हॉर्मोन-उपचाराने हीमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. स्नायूंचे बळ मात्र सावकाश घटते. पहिल्या वर्षातील घट सु. ५ टक्केच असल्याचे उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यातून दिसते. उंची व हाडांची लांबी बदलत नाही. अमेरिकन हवाई दलातील नोंदींच्या अभ्यासात दोन वर्षांच्या उपचारानंतर जोर व बैठकांसारख्या चाचण्यांतील अंतर नाहीसे झाले, परंतु दीड मैल धावण्यात पारलिंगी स्त्रिया तरीही सु. १२ टक्के वेगवान राहिल्या. बहुतेक अभ्यास सामान्य व्यक्तींवर झालेले असून सर्वोच्च दर्जाच्या पारलिंगी खेळाडूंची संख्या अत्यल्प असल्याने त्यांच्यावरील पुरावा तुटपुंजा आहे. उंची व वजन यांचा लाभ खेळागणिक बदलतो. टक्करीच्या खेळांत तर न्यायाबरोबर सुरक्षिततेचाही प्रश्न येतो.

२०२० नंतरची स्थिती : जागतिक रग्बी संघटनेने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च पातळीवरील महिला रग्बीतून पारलिंगी स्त्रियांना वगळले. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये भरलेले) न्यूझीलंडची भारोत्तोलक लॉरेल हबर्ड ही वैयक्तिक प्रकारात उतरलेली पहिली उघडपणे पारलिंगी स्त्री ठरली. तिन्ही प्रयत्न फसल्याने ती गुणतक्त्यात आली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑलिंपिक समितीने एकच मर्यादा सर्व खेळांना लावण्याचे सोडून दिले. पुराव्याशिवाय कोणास लाभ मिळतो असे गृहीत धरू नये, असे तत्त्व सांगून तिने नियम करण्याचे काम त्या त्या महासंघाकडे सोपविले. महासंघांनी मात्र उलट दिशा धरली. पुरुषी यौवनावस्था अनुभवलेल्या व्यक्तींना जलतरण महासंघाने जून २०२२ मध्ये, जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये, सायकल महासंघाने जुलै २०२३ मध्ये व आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धांतून वगळले. ॲथलेटिक्समध्ये त्या वेळी आंतरराष्ट्रीय पातळीवर एकही पारलिंगी खेळाडू नव्हता, हे त्या संघटनेच्या अध्यक्षांनीच सांगितले होते. जलतरण महासंघाने पर्याय म्हणून खुला विभाग निर्माण केला, पण २०२३ मध्ये बर्लिन येथे त्यासाठी एकही प्रवेशिका आली नाही. मोजक्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग काढल्यास स्पर्धाच उरत नाही, आणि त्यात नाव नोंदविणे म्हणजे आपली खाजगी बाब जाहीर करणे, या अडचणी त्यातून दिसून आल्या.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) अल्जीरियाची इमान खलीफ व तैवानची लिन यू-तिंग या मुष्टियोद्ध्यांवरून मोठे वादळ उठले. दोघीही जन्मापासून मुली म्हणून वाढलेल्या असून पारलिंगी नाहीत. नवी दिल्ली येथे २०२३ मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने त्यांना अपात्र ठरविले होते. ऑलिंपिक समितीने त्या संघटनेची मान्यता काढून घेतलेली असून पारपत्रावरील नोंद प्रमाण मानली. दोघींनीही सुवर्णपदके जिंकली. वादात त्यांचा उल्लेख सर्रास पारलिंगी म्हणून झाला, यावरून प्रारंभी उल्लेखिलेली गल्लत किती खोल रुजली आहे, हे कळते. त्यानंतर चक्र पुन्हा जुन्या जागी आले. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी प्रत्येक स्त्री-खेळाडूस वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकाची आयुष्यातून एकदाच करावयाची परीक्षा आवश्यक केली. या जनुकाचा शोध १९९० मध्ये लावणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी अँड्रू सिंक्लेअर यांनी, जनुकाच्या केवळ अस्तित्वावरून ते कार्य करते किंवा नाही हे कळत नाही, असे सांगून या वापरास विरोध दर्शविला. टेस्टोस्टेरोनला मुळीच प्रतिसाद न देणाऱ्या स्त्रियांना नियमांत सूट ठेवलेली आहे, हा मार्तीनेझ-पातिन्यो प्रकरणातून घेतलेला धडा म्हणता येईल.

मूल्यमापन : क्रीडास्पर्धेत न्याय या शब्दाचे दोन अर्थ होतात. महिला विभागात उतरणाऱ्या सर्व स्त्रियांना, पुरुषी यौवनावस्थेतून येणाऱ्या लाभापासून संरक्षण मिळावे, हा एक अर्थ होय. या संरक्षणाअभावी ज्या स्त्रीचे चौथे स्थान पाचवे होते, तिचे नाव कोठेही झळकत नाही, पण तिची हानी खरी असते. एखाद्या व्यक्तीस आपल्या नैसर्गिक घडणीमुळे अथवा लिंगभावामुळे चव्हाट्यावर उभे राहावे लागू नये व पुराव्यावाचून वगळले जाऊ नये, हा दुसरा अर्थ होय. पहिल्या अर्थासाठी स्पष्ट सीमा लागते, दुसऱ्यासाठी प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार लागतो. यांपैकी एकासाठी दुसऱ्यास पूर्णपणे सोडून देणारा नियम फार काळ टिकलेला नाही. निसर्गाने स्त्री व पुरुष यांच्यामध्ये काही थोड्या व्यक्तींपुरती सीमा अस्पष्ट ठेवली आहे. खेळाच्या नियमास मात्र ती स्पष्टच लागते. म्हणून कोणतेही गमक निवडले, तरी काहींवर त्याचा भार पडणार. तो भार कोणावर व किती पडावा, हा अंशतः मूल्यांचा निर्णय असतो. शास्त्र त्यास आधार देऊ शकते, पण त्याची जागा घेऊ शकत नाही.

तपासणीच्या रीतीविषयी मात्र इतिहासाची साक्ष निःसंदिग्ध आहे. डिलेमा, मार्तीनेझ-पातिन्यो, सांती व सेमेन्या यांच्या प्रकरणांत नियमाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक नुकसान गुप्ततेच्या भंगाने, आधी समज न दिल्याने व अपिलास वाव न ठेवल्याने झाले. नियम कोणताही असो, तो आगाऊ जाहीर केलेला असणे, त्यामागील पुरावा खुला असणे, तपासणीचा निष्कर्ष खेळाडूस प्रथम व एकांतात कळविणे आणि त्यावर स्वतंत्रपणे दाद मागता येणे, या किमान अटी होत. सीमा कोठे आखावी याविषयी मतभेद असणाऱ्यांनाही त्या मान्य होण्यास अडचण नसावी.